थंडीतला घाम

त्याला सगळे मागून 'पारा' म्हणायचे आणि तोंडावर साहेब. शीतगृहात मटार निवडायच्या हॉलचा तो सुपरवायझर. हॉलचं तापमान चारावरून पाच अंशांवर गेलं की याचं स्वतःचं थेट शंभरावर जायचं, म्हणून ते नाव. कुणी ठेवलं ते कधी उघड झालं नाही. पण त्याला ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. लोक आपल्याला भितात हे कळलं की काही माणसं त्यालाच मान समजून बसतात. पारा त्यातलाच.

तसा माणूस वाईट नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तो तिथं पेट्या उचलायला लागला. पहिल्याच दिवशी उणे अठरा अंशांच्या खोलीत वीस मिनिटं राबून बाहेर आला तेव्हा बोटं लाकडाची झालेली. समोर हीटर दिसला तसा तो हात पुढे करून धावला. सरकत्या पट्ट्यावर मटार निवडणाऱ्या एका बाईनं त्याला मनगट धरून मागं ओढलं.

"मेल्या, हात भाजतील आणि तुला पत्ताही लागणार नाही. काखेत घाल आधी."

त्यानं हात काखेत घातले. बोटांत जीव परत येताना इतकी कळ आली की गडी सगळ्यांदेखत रडला. बाई म्हणाली, "रड खुशाल. दुखतंय म्हणजे हात शाबूत आहेत."

ती आत्या. तिची भाची तेव्हा त्याच पट्ट्यावर होती, ती आत्या म्हणायची म्हणून अख्खा हॉल म्हणायला लागला. भाची लग्न होऊन गेली, आत्या राहिली. हात कसे वाचवायचे, पायमोजे दोन का घालायचे, कुठल्या मॅनेजरसमोर हसायचं आणि कुठल्यासमोर मुकाट राहायचं, हे सगळं पाऱ्याला तिनं शिकवलं. पुढं तो पेट्यांवरून मशीनवर गेला, मशीनवरून सुपरवायझर झाला. हॉलमध्ये त्याला अरे-तुरे करणारी तेवढी ती एकटीच उरली होती.

मशीनवर मात्र त्याचा जीव. हॉलच्या भिंतीत बोटाएवढी एक दांडी बसवलेली होती. हवा किती गार आहे ते ती ओळखायची. हवा तापली की कॉम्प्रेसर आपोआप सुरू, पुरेशी गार झाली की आपोआप बंद. ना कुणाला विचारणं, ना सांगणं. "माणसं अशी असती तर!" असं तो घरी येऊन म्हणायचा. बायको म्हणायची, "मग त्या दांडीशीच लग्न करायचं होतंत, स्वयंपाकाचा तरी त्रास वाचला असता."

त्या हॉलची एक म्हण होती. बाहेरच्या कुणाला ती कळायची नाही: थंडीत घाम, पोटात जाम. चार अंशांच्या हवेत उभ्या माणसाच्या कपाळावर घाम दिसला, तर तो पिऊन आलाय असं समजायचं. बऱ्याचदा ते खरंही निघायचं. थंडी मारायला म्हणून सकाळीच लावून येणारे दोघं-तिघं होतेच. असा संशय आला की पारा त्याला फरशीवरच्या पिवळ्या रेषेवरून चालायला लावायचा. ट्रॉल्यांसाठी आखलेली ती रेषा, वीसेक पावलांची. तोल गेला की वहीत नोंद, गेटजवळच्या बाकावर रवानगी, आणि दुसऱ्या दिवशी घरी पत्र. ही गोष्ट घडली त्याच महिन्यात त्यानं दोघांना असं घालवलं होतं. मॅनेजरनं पाठही थोपटली होती.

आणि हो, एप्रनचं सांगायचं राहिलं. तीन आठवड्यांपूर्वी एका पाकिटात मटारांबरोबर शर्टाचं बटण निघालं. गिऱ्हाइकाचं तक्रारीचं पत्र आलं, फोटोसकट. पाऱ्यानं तडकाफडकी सगळ्यांचे एप्रन बदलले. नव्या एप्रनला खिसेच नव्हते. आतल्या कपड्यांचे खिसेही तो सकाळी दारात तपासायचा. बायका कुरकुरल्या. तो म्हणाला, "इथं मटार निवडायला येता की खिशात संसार घेऊन?" यावर काहीजणी हसल्या. आत्या हसली नाही. ती काहीतरी बोलायला पुढं झाली होती, पण तो तोवर पाठ फिरवून मशीनकडं निघून गेला होता.

त्या दिवशी ट्रक दोन तास आधी आला. माल तयार नव्हता. दहाला चहाची सुट्टी असायची, पाऱ्यानं ती रद्द केली. "ट्रक भरल्याशिवाय चहा नाही," असं त्यानं पट्ट्याच्या टोकाला उभं राहून ओरडून सांगितलं. बावीस माणसं होती. कुणी चकार शब्द काढला नाही.

सव्वाअकराच्या सुमाराला त्याला दिसलं की आत्यासमोरून काळे मटार तसेच पुढं चाललेत. तिचा हात पट्ट्यावर नुसता फिरत होता. तो जवळ गेला. टोपीखाली तिचं कपाळ घामानं निथळत होतं.

"आत्या, लक्ष कुठंय?"

तिनं वर पाहिलं, पण ओळखीचं काही डोळ्यांत नव्हतं. "कोण रे तू?" ती म्हणाली. जीभ जड झाली होती. मग हसली आणि मूठभर मटार त्याच्या छातीवर फेकले. "चल हट. मला कामं आहेत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. झालं. पारा चढला. आता जरा थांबून विचार केला असता, तर एवढं तरी सुचलं असतं की बावीस वर्षांत या बाईनं एक काळा मटार पुढं जाऊ दिला नाही. पण चारचौघांत हसं झालं की विचाराला जागा कुठं राहते?

त्यानं पट्टा बंद केला. "चाल रेषेवरून."

"आं?"

"चाल म्हणतो ना!"

आत्या चालली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पायात कंपनीचे गमबूट, दोन्ही हात जरा पसरलेले. चौथ्या पावलाला तिचा झोक गेला, सहाव्याला तिनं खांब धरला. बंद पट्ट्यापाशी सगळे बघत उभे होते. पारा तिच्याजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या वयात लाज नाही वाटत?"

मग तिला गेटजवळच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथं गोठवणाऱ्या खोलीच्या पंख्यांचा गार वारा थेट अंगावर यायचा, आणि बाक मुद्दामच तिथं ठेवलेला, माणसाची उतरावी म्हणून. पाऱ्यानं वहीत लिहिलं: नशेत सापडली. खाली सही केली. सही नेहमीसारखीच झोकदार आली.

अर्ध्या तासानं बाहेर आरडाओरडा ऐकू आला. पारा धावत गेला तर ट्रकचा ड्रायव्हर बाकापाशी गुडघे टेकून बसलेला. आपला सदऱ्यावरचा स्वेटर त्यानं आत्याच्या अंगावर टाकला होता आणि गोड सरबताची बाटली तिच्या ओठांना लावली होती. "घोट घोट घे, आई. गिळ. हां, असं." आत्या गिळत होती. ओठ पांढरे पडलेले, पाठ घामानं चिंब, आणि अंग मात्र जराही थरथरत नव्हतं.

"हिला कुणी बसवलं इथं?" ड्रायव्हर म्हणाला.

"ती प्यालेली आहे," पारा म्हणाला.

"प्यालेली तुमची अक्कल!" ड्रायव्हर म्हणाला. "वास घेतलात तोंडाचा? माझ्या आईला अस्संच होतं. साखर उतरलीये हिची."

वास. एवढी साधी गोष्ट. ज्यांना घालवलं त्या दोघांचा त्यानं घेतला होता. आत्याचा घ्यायला तो वाकला नव्हता. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पाऱ्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

दवाखान्यात नर्सनं बोटाला सुई टोचून थेंब तपासला. अख्खी बाटली पोटात जाऊनही साखर बासष्टच होती, हवी सत्तरच्या वर. काखेतला थर्मामीटर पस्तीस अंशांच्या खाली, हवा होता सदतिसाच्या आसपास. आत्याला गरम पांघरुणात गुंडाळून झोपवलं. हळूहळू ती भानावर आली, खोली ओळखली, नर्सला ओळखलं. पाऱ्याकडं पाहून तिनं डोळे मिटून घेतले.

"पण घाम कसा आला? चार अंशांत?" पाऱ्यानं हळू आवाजात विचारलं. त्याला अजून कुठंतरी आशा होती की आपलं सगळंच काही चुकलेलं नसेल.

नर्स आत्याच्याच वयाची होती. हातातलं काम न थांबवता ती सांगू लागली. "आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. मग पोटातलं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि साखर रक्तातून स्नायूंत, यकृतात जाऊन बसते. उपास पडला, साखर उतरायला लागली, की तेच स्वादुपिंड इन्सुलिन आखडतं घेतं आणि यकृताला निरोप धाडतं, साठवलेलं बाहेर काढ. दिवसरात्र हे चाललेलं असतं. तुम्हाआम्हाला कळतसुद्धा नाही."

"आपोआप," पारा म्हणाला. हे त्याला समजत होतं.

"आपोआप. यांचं ते आपोआप होत नाही, म्हणून सकाळी सुईनं इन्सुलिन घ्यावं लागतं. आणि एकदा आत टोचलेलं परत काढून घेता येत नाही. साखर कितीही उतरू दे, ते आपलं काम करतच राहतं."

"म्हणजे कॉम्प्रेसर बंदच होत नाही."

"तसं समजा. म्हणून यांनी वेळेवर खायला हवं. त्यात तुमचा गार हॉल. अंगाची ऊब सांभाळायला मेंदूत एक जागा असते. गार वाटलं की ती कातडीतलं रक्त आत ओढते आणि स्नायूंना थरथरायला लावते. थरथरणं म्हणजे चूल पेटवणं. चुलीला सरपण लागतं, आणि सरपण म्हणजे हीच साखर. घरी बसल्यापेक्षा तिथं ती जास्त जळणार. ती संपत आली की अंग घाबरतं, धडधडतं, घाम फुटतो. मेंदूचं तर साखरेवाचून पान हलत नाही. मग जीभ जड होते, माणूस चिडतो, ओळख विसरतो, तोल जातो. आणखी उतरली की थरथरही थांबते. म्हणजे अंग ओलं, चूल विझलेली, आणि वरून वारा. जरा उशीर झाला असता तर..." तिनं पांघरूण नीट केलं. "वाऱ्यात कुणी बसवलं होतं यांना?"

पारा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिला. 

नर्सनं आत्याला दटावलं, "आणि तुम्ही? खिशात साखर ठेवायला सांगितलं होतं ना? दोन वड्या तोंडात टाकल्या असत्या तर हे घडलंच नसतं."

आत्यानं डोळे उघडले. पाऱ्याकडं एकदा पाहिलं, मग छताकडं.

"विसरले," ती म्हणाली.

ती विसरली नव्हती. खिसा होता कुठं? पाऱ्याला वाटलं, तिनं इथंच, नर्ससमोर, आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याला तिथं उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती, त्या पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत रडला होता तेव्हाही नाही. तेव्हा निदान आपली चूक काहीच नव्हती.

घरी त्यानं बायकोला अर्धंच सांगितलं. साखरेचं सांगितलं, खिशांचं गाळलं. बायको जेवणाचं ताट पुसता पुसता थांबली. "वहीतलं खोडलंत?"

"उद्या."

"उद्या," ती म्हणाली आणि पुढचं ताट घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागंपुढं हलवली. "'नशेत' खोडा, 'आजारी' लिहा. बाई परत कामावर, विषय संपला. चहा बंद केला, बाहेर बसवलं, हे कशाला उकरत बसता? चौकशी लागली तर तुमच्यावरच येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पाऱ्यानं 'आजारी' लिहिलं. खरं सांगायचं तर त्याला जरा हलकंच वाटलं. दुपारी सुट्टी घेऊन, कागदाच्या पिशवीत संत्री घेऊन तो आत्याच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, खिडकीशी पलंग. आत्याच्या मुलीनं दार उघडलं आणि बाजूला झाली, पण 'या' म्हणाली नाही.

"वहीत बदललंय मी, आत्या. आजारी लिहिलंय. सोमवारपासून ये."

आत्या पलंगावर बसून मोज्याचं भोक शिवत होती. "बरं झालं," ती म्हणाली.

 मुलगी म्हणाली, "काल खालच्या दुकानदारानं मला विचारलं, तुझी आई कधीपासून घेते? आख्ख्या गल्लीला कळलंय. त्यांनी तुमची वही वाचली नव्हती."

"तू गप गं," आत्या म्हणाली. दोरा दातानं तोडला आणि पाऱ्याकडं वळली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. "तू मला वहीत चालवलं होतंस का रे? बावीस माणसांपुढं चालवलंस. मी सोमवारी येईन, मला घरी बसून चालणार नाही. पण मी आत पाऊल टाकायच्या आधी त्या बावीस माणसांना खरं काय ते कळलेलं असू दे. नाहीतर मला त्या हॉलमध्ये मान वर करता येणार नाही."

"सांगतो."

"सगळं?"

त्यानं मान हलवली. संत्र्यांची पिशवी अजून त्याच्याच हातात होती. ती दाराशी ठेवून तो उतरला.

शनिवार गेला, रविवार गेला. दोन दिवस तो मनात वाक्यं जुळवत होता. 'गैरसमज झाला' असं सुरुवातीला म्हणावं असं त्यानं ठरवलं होतं. आरशासमोर एकदा म्हणूनही पाहिलं, आणि आरशातल्या माणसाची त्यालाच किळस आली.

सोमवारी सातला त्यानं पट्टा सुरूच केला नाही. सगळे आपापल्या जागी उभे. आत्या दारात, गमबूट घालून, आत न येता थांबलेली. मॅनेजर वरच्या काचेतून बघत होता. पारा पट्ट्याच्या टोकाला गेला, जिथून तो नेहमी ओरडायचा.  

"आत्या त्या दिवशी प्यालेली नव्हती," तो म्हणाला. "तिला साखरेचा आजार आहे. साखर उतरली की असं होतं, घाम येतो, तोल जातो. मी तिचा वाससुद्धा घेतला नाही. मला राग आला होता, म्हणून चालवलं. चहा मी बंद केला, तेव्हा खायला मिळालं नाही. खिसे मी काढले, तेव्हा साखर जवळ ठेवता आली नाही. वाऱ्यात मी बसवलं. ती मेली असती. वहीत मी खोटं लिहिलं, नंतर आजारी लिहिलं, तेही अर्धंच. आज सगळं लिहून खाली सही केली आहे." तो थांबला. "आणि लाज नाही वाटत का, असं मी विचारलं होतं. ती मला वाटायला हवी होती."

कुणी हललं नाही. त्याला वाटलं, आता कुणीतरी 'अरेरे' म्हणेल, कुणी आत्याकडं धावेल, बायका तोंडावर हात ठेवतील. इतकी मोठी बातमी सांगितली होती त्यानं. पण एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. सगळे खाली बघत होते, फरशीकडं, आपापल्या हातांकडं.



"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं. "तिला साखर आहे हे कुणाला माहीत होतं?"

 मग आत्याच्या शेजारी निवडणाऱ्या बाईनं हात वर केला, कोपरात वाकलेला, शाळेत पोरं करतात तसा. मग समोरच्या दोघींनी. मग पेट्या उचलणाऱ्यांनी, मग शिक्के मारणाऱ्या म्हाताऱ्यानं. एक एक करत सगळे हात वर गेले.

"मग बोलला का नाहीत?" पारा म्हणाला, आणि बोलता बोलताच उत्तर त्याला कळलं.

शिक्के मारणारा म्हातारा सगळ्यांत शांत माणूस. त्यानं हात खाली घेतला नाही. "माझ्या डब्यात गूळ होता, साहेब," तो म्हणाला. "डबा त्या कपाटात. ती चालत होती तेव्हा मी दोन पावलं टाकली होती कपाटाकडं. तुम्ही वळून बघितलंत, आणि मी परत जागेवर आलो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पाऱ्याला ते बघवेना. त्यानं दाराकडं पाहिलं. आत्या आत आली होती, गमबूट ओढत, आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.